हंस खरोखर किती उंच उडतात, आणि स्थलांतर का करतात?

प्रश्न असा आहे: दहा-बारा किलो वजनाचा हंस आठ हजार मीटर उंचीवर, जिथे बहुतेक गिर्यारोहक पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी घेऊन चढतात, तिथे पंख मारत कसा जातो? आणि एवढे हाल सोसून दरवर्षी स्थलांतर का करतो?

आधी प्रश्नातच एक दुरुस्ती करावी लागेल. हंस उंच जाऊ शकतात, पण जमेल तितके खालूनच उडतात. हिमालय ओलांडणारा म्हणून ज्याची ख्याती आहे तो हंस नव्हे, पट्टकादंब (बार-हेडेड गूज). डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, दोन ते तीन किलोचा राखाडी पक्षी. दोघेही बदकांच्याच कुळातले, शरीराची घडण बरीचशी सारखी, म्हणून त्यांच्याबद्दलच्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. उत्तर नीट द्यायचे तर दोघांना शेजारी ठेवावे लागते. जे पट्टकादंबाला साधते ते हंसाला का साधत नाही, यातच निम्मे उत्तर आहे.

हंसांच्या उंचीचा सर्वांत गाजलेला दाखला डिसेंबर १९६७ चा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटांवरून जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला सुमारे ८,२०० मीटरवर तीसेक हंसांचा थवा दिसला आणि उत्तर आयर्लंडमधल्या रडारनेही तो टिपला. आइसलँडहून निघालेले व्हूपर हंस असावेत, असे मानले गेले. तेव्हापासून हा आकडा सगळीकडे ‘हंसांची उंची’ म्हणून छापला जातो. पण १९९० च्या दशकात आइसलँडच्या व्हूपर हंसांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. समुद्र ओलांडताना हे पक्षी बराच वेळ लाटांपासून काही शे मीटरच्या आत होते, काही तर वाटेत समुद्रावर उतरून बसले, आणि सर्वांत उंच नोंदही दोन हजार मीटरच्या खालीच राहिली. १९६७ ची नोंद खोटी ठरवायचे कारण नाही, पण ती अपवाद म्हणूनच वाचावी. हंसांच्या नेहमीच्या स्थलांतराचा दाखला हवा असेल तर दुसरा, दुर्दैवी, अधिक उपयोगाचा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडवर एका प्रवासी विमानाला व्हिसलिंग (म्हणजेच टुंड्रा) हंसांची धडक बसली, शेपटीचा भाग मोडला आणि विमानातले सर्व १७ जण गेले. ती उंची सुमारे १,८०० मीटर होती.

जमिनीवरून बघून थव्याची उंची सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, कितीही सराव असला तरी. हिशेब सोपा आहे. व्हूपर हंसाचा पंखविस्तार साधारण २.२ मीटर. एक हजार मीटर अंतरावरून तो पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या चतुर्थांशाएवढा दिसेल. आठ हजार मीटरवरून तोच पक्षी एका कोनीय मिनिटाएवढा, म्हणजे निरोगी डोळ्याच्या क्षमतेच्या अगदी काठावर येतो, आणि तेही पंख पूर्ण पसरलेले असताना. म्हणजे मान, पंख, रांग हे सगळे स्पष्ट दिसत असेल तर थवा दीड-दोन हजार मीटरच्या आतच आहे असे समजावे. रात्री आवाजावरून उंची सांगणे तर त्याहून कठीण. हिमालयात मकालूवरून रात्री कादंब ओरडत गेल्याचे एका मोहिमेतल्या जीवशास्त्रज्ञाने ऐकले आणि पक्षी ८,४८५ मीटरच्या शिखरावरूनच गेले, अशी समजूत रुजली. आवाज कोणत्या दरीतून आला हे मात्र अंधारात कोणी पाहिले नव्हते.

आता उंचीचा हिशेब. वर गेले की दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन १.२२ किलो असते, सात हजार मीटरवर ते ०.५९ किलो, म्हणजे निम्म्याच्याही किंचित खाली. विरळ हवेत तेवढेच वजन तोलून धरायचे तर पक्ष्याला सुमारे ४४ टक्के जास्त वेगाने उडावे लागते, आणि हवेत टिकून राहण्यासाठी दर सेकंदाला लागणारी शक्तीही जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढते. दुसरीकडे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ४१ टक्क्यांवर येतो आणि ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. थोडक्यात, काम दीडपटीच्या जवळ आणि ऑक्सिजन निम्म्याहून कमी. यात एक बारकावा आहे, जो बऱ्याचदा सुटतो. उंचावर दर किलोमीटरमागे खर्च होणारी ऊर्जा फारशी वाढत नाही, कारण त्याच वेळी वेगही वाढलेला असतो. अडचण इंधनाच्या एकूण साठ्याची नसते. तेच इंधन कमी वेळात जाळायला लागते आणि जाळायला ऑक्सिजन पुरत नाही, इथे गाडी अडते.

गिधाडाशी तुलना इथे करू नये. १९७३ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजानवर रुपेल गिधाड ११,३०० मीटरवर विमानाला धडकले, ही पक्ष्यांच्या उंचीची सर्वांत वरची नोंद. पण गिधाड पंख पसरून तापलेल्या हवेच्या झोतावर तरंगत चढते आणि स्नायूंना फारसे काम देत नाही. हंस आणि कादंब उड्डाणाचा जवळजवळ प्रत्येक क्षण पंख मारत असतात, सेकंदाला साधारण चार वेळा. घिरट्या घालत तरंगणे त्यांच्या पंखांना जमत नाही.

हंसाची मुख्य अडचण त्याचे वजन. पक्ष्याचे वजन दुप्पट झाले की उडायला लागणारी शक्ती दुप्पट होऊन थांबत नाही, ती सव्वादोन पटीच्या आसपास जाते. स्नायू मात्र त्या प्रमाणात जास्त शक्ती देत नाहीत, कारण पंख जितके लांब तितकी त्यांची फडफड मंद. त्यामुळे लहान बदकाकडे बरीच शक्ती शिल्लक असते, मोठ्या हंसाकडे जेमतेम. व्हूपर हंसाच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर पंधरा किलोच्या आसपास भार असतो, पट्टकादंबाच्या पंखावर दहा-अकरा किलो. हंसाला पाण्यावरून उठताना नीट पाहिले की हे लगेच कळते. तो वाऱ्याकडे तोंड करतो, मान पुढे ताणतो, पंख पाण्याला आपटत जोरात मारू लागतो आणि त्याच वेळी आळीपाळीने एकेक पाय टाकत पाण्यावरून अक्षरशः धावतो. पृष्ठभागावर पायांच्या ठशांची लांबलचक ओळ उमटत जाते. पुरेसा वेग आला की पाय मागे घेतो, पण तरीही बराच वेळ पाण्याला समांतरच उडत राहतो आणि मग हळूहळू वर चढतो. समुद्रसपाटीच्या दाट हवेत ज्याची चढण इतकी मंद, त्याच्याकडे सात हजार मीटरवर चढायला शिल्लक काय राहणार? म्हणून हंस डोंगर असेल तर तो वळसा घालून किंवा खिंडीतून पार करतात आणि समुद्र खालून ओलांडतात. वर चांगला पाठवारा असेल तर हजार-दोन हजार मीटरवर जाणे परवडते, कारण ताशी ६५ ते ८० किलोमीटर वेगाच्या पक्ष्याला ताशी ४० चा वारा मागून मिळाला की प्रवासाचा बराच वेळ वाचतो.

असे असले तरी हंसाची श्वसनव्यवस्था कोणत्याही सस्तन प्राण्यापेक्षा उंचीला जास्त तयार असते. ती समजून घेतल्याशिवाय पट्टकादंबाची पुढची करामत कळणार नाही. आपली फुप्फुसे फुगतात आणि आकसतात, ताजी हवा आणि वापरलेली हवा एकाच वाटेने ये-जा करतात आणि दर श्वासात थोडी मिसळतात. पक्ष्यांचे फुप्फुस जवळपास ताठ असते, फुगत नाही. त्याला जोडलेले पातळ पडद्याचे वायुकोश, बहुतेक पक्ष्यांत नऊ, भात्यासारखे काम करतात. एक घोट हवा आत येऊन बाहेर पडायला पूर्ण दोन श्वास लागतात. पहिल्यांदा श्वास घेतला की बरीच हवा थेट मागच्या वायुकोशांत जाते. श्वास सोडला की ती तिथून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत ढकलली जाते, आणि ऑक्सिजन रक्तात जातो तो इथे. दुसरा श्वास घेताना हीच हवा फुप्फुसातून पुढच्या कोशांत सरकते आणि दुसऱ्यांदा श्वास सोडताना बाहेर पडते. त्यामुळे फुप्फुसातून हवा नेहमी एकाच दिशेने वाहते, आणि पक्षी श्वास घेत असो वा सोडत असो, रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. रक्त हवेच्या प्रवाहाला आडवे छेदून जाते, त्यामुळे फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन उच्छ्वासातल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. आपल्या फुप्फुसाला हे जमत नाही.

लांब मानेची किंमत मात्र हंस मोजतो. श्वासनलिका जितकी लांब तितकी दर श्वासामागे वाया जाणारी हवा जास्त, कारण नळीत अडकलेली जुनी हवाच आधी परत आत जाते. व्हूपर, ट्रम्पेटर आणि टुंड्रा हंसांत तर ही नळी छातीच्या हाडात शिरून वेटोळे घेते, तिथूनच त्यांचा कर्ण्यासारखा आवाज घुमतो. म्यूट हंसात हे वेटोळे नसते. लांब नळीवर उपाय एकच, भरभर उथळ श्वास घेण्यापेक्षा सावकाश आणि खोल श्वास घेणे. पक्षी तेच करतात, आणि हीच सवय विरळ हवेत कामी येते.

आणखी एक फरक डोक्यात आहे. उंचीवर धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. माणसात याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आधीच कमी असलेला ऑक्सिजन मेंदूला आणखी कमी पोहोचतो, आणि माणूस भोवंडतो. पक्ष्यांच्या मेंदूत हा परिणाम जवळपास होतच नाही, त्यामुळे त्यांना हवी तेवढी धाप लागू देणे परवडते.

हा सगळा वारसा हंस आणि कादंब दोघांकडे आहे. पट्टकादंबाने त्यावर पायरीपायरीने सुधारणा केल्या आहेत. त्याची फुप्फुसे त्याच आकाराच्या इतर पाणपक्ष्यांपेक्षा मोठी असतात. हवा विरळ झाली की तो इतर कादंबांपेक्षा खोल श्वास घेतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा साखळीच्या ११९ व्या जागी प्रोलिनऐवजी अ‍ॅलनिन आहे. एका अमिनो आम्लाचा हा बदल, पण त्याने रेणूच्या दोन भागांमधली पकड सैल होते आणि हिमोग्लोबिन कमी दाबातही ऑक्सिजन घट्ट धरते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन कादंबात नेमक्या त्याच सांध्याच्या पलीकडच्या बाजूला, बीटा साखळीच्या ५५ व्या जागी बदल झाला आहे आणि परिणाम तोच. दोन खंडांवर स्वतंत्रपणे एकाच खिळ्यावर हातोडी पडली, असे उदाहरण क्वचितच सापडते.

ऑक्सिजन धरणे आणि सोडणे यात तापमानाचाही हात आहे. थंड रक्त ऑक्सिजन घट्ट धरते, गरम रक्त तो सहज सोडते. गोठवणाऱ्या हवेने फुप्फुसातले रक्त थंड झाले की भरणा चांगला होतो, आणि तेच रक्त तापलेल्या उड्डाणस्नायूत पोचले की ऑक्सिजन सुटतो. पुढे स्नायूत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते आणि ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया पेशीच्या कडेला, केशवाहिनीच्या जवळ गोळा झालेले असतात, म्हणजे ऑक्सिजनला शेवटचा पल्लाही लहान. हृदयाच्या डाव्या कप्प्यातही हे जाळे दाट आहे. एवढी लांब साखळी सांगण्याचे कारण म्हणजे ‘त्यांचे हिमोग्लोबिन वेगळे असते’ या एका वाक्यात उत्तर संपवण्याची पद्धत आहे. फक्त रक्त सुधारून भागत नाही. साखळीतली एकही कडी कच्ची राहिली तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

हे प्रयोगशाळेतही तपासले गेले आहे. पुढे अंतराळवीर झालेल्या जेसिका मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यातून निघाल्यापासून स्वतः वाढवलेल्या पट्टकादंबांना ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या वातबोगद्यात, तोंडावर मुखवटा चढवून उडवले. मुखवट्यातल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांऐवजी १०.५ आणि नंतर ७ टक्के ठेवला. सात टक्के म्हणजे साधारण नऊ हजार मीटरची अवस्था. पक्षी उडले, पण हृदयाचे ठोके वाढवून नव्हे. त्यांनी ऑक्सिजनचा खर्चच कमी केला, आणि शिरांमधले रक्त दोन अंशांहून जास्त थंड झाले. ही उड्डाणे काही मिनिटांची होती आणि पक्षी वर चढत नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. एवरेस्टच्या उंचीवर तासन्‌तास उडता येते, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

प्रत्यक्षात पक्षी काय करतात, ते टॅगवरून कळते. मंगोलिया आणि भारतात पकडून टॅग लावलेल्या पट्टकादंबांची सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची, आणि तीही थोडा वेळच. बहुतेक नोंदी साडेपाच हजार मीटरच्या खालच्या आहेत. ते शिखरांवरून जात नाहीत, खिंडी धरतात. वसंतात भारतातल्या सखल पाणथळींवरून निघून ते सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढतात. उंचीची सवय करायला कुठे थांबत नाहीत, आणि चढताना वाऱ्याचा आधारही घेत नाहीत. दुपारी हिमालयाच्या दऱ्यांतून वर वाहणारा वारा असतो, तो वापरतील असे कोणालाही वाटेल. ते मात्र रात्री आणि पहाटे उडतात. तेव्हा हवा थंड म्हणून थोडी दाट असते, आणि वारा शांत असल्याने गचके बसत नाहीत. फुकटच्या वाऱ्यापेक्षा शांत, दाट हवा त्यांना जास्त परतावा देते. उतरंडीचा, म्हणजे शरद ऋतूतला प्रवास तुलनेने सोपा, कारण तिबेटच्या पठारावर ते आधीच चार-साडेचार हजार मीटरवर असतात.

पठारावर पोहोचल्यावर एखाद्या विमानासारखे ते ठरावीक उंची धरून राहतात, असेही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्ष्यांच्या शरीरात बसवलेल्या नोंदयंत्रांनी उंची, हृदयाचे ठोके आणि पंखांची हालचाल एकत्र टिपली. पक्षी जमिनीच्या चढउतारांना चिकटून जातात, डोंगर आला की चढतात, दरी आली की पुन्हा खाली उतरतात. मिळवलेली उंची घालवणे मूर्खपणाचे वाटते. पण उंच राहण्याचा खर्च कसा वाढतो ते पाहा: पंखांच्या मारण्याची गती पाच टक्क्यांनी वाढली की हृदयाचे ठोके १९ टक्क्यांनी आणि उड्डाणाची अंदाजित शक्ती ४१ टक्क्यांनी वाढते. त्यापेक्षा पुन्हा खालच्या दाट हवेत उतरून पुन्हा चढणे स्वस्त पडते. उड्डाणात हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला ३२८ होते. हिमालय ओलांडणारा हा एकटाच पाणपक्षीही नाही. आपला नेहमीचा चक्रवाक टॅगवर ६,८०० मीटरपर्यंत सापडला आहे.

थंडीची चिंता वाचक जास्त करतात, पक्ष्याला ती कमी असते. आठ हजार मीटरवर सरासरी उणे ३७ अंश तापमान असते खरे, पण स्नायू जाळतात त्या इंधनाचा तीन-चतुर्थांश किंवा जास्त भाग उष्णताच बनतो. उडणाऱ्या पक्ष्याला ती बाहेर टाकायची अडचण असते, थंड हवा ते काम करते. उबेचे म्हणाल तर एका व्हिसलिंग हंसाच्या अंगावरची पिसे मोजली तेव्हा ती २५ हजारांहून जास्त भरली होती, त्यातली बहुतेक डोक्यावर आणि मानेवर. कोरड्या हवेत श्वासाबरोबर जाणारे पाणी ही त्यापेक्षा खरी अडचण. ती काही अंशी चरबी भागवते, कारण एक ग्रॅम चरबी जळली की साधारण एक ग्रॅम पाणीही तयार होते.

तिरप्या रांगेचा किंवा ‘व्ही’ आकाराचा फायदा उंचीशी जोडला जातो, पण तो कुठल्याही उंचीवर मिळतो. पंखाच्या टोकामागे हवा भोवऱ्यासारखी फिरते, आतल्या बाजूला खाली आणि बाहेरच्या बाजूला वर. मागचा पक्षी त्या वर जाणाऱ्या हवेत आपला पंख ठेवतो. २०१४ मध्ये आयबिस पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासात मागचा पक्षी पंख मारण्याची वेळही पुढच्याशी जुळवून घेतो असे दिसले. हंसांच्या रांगेत बहुधा आई-बाप आणि त्या वर्षाची पिल्ले असतात.

आता दुसरा प्रश्न, स्थलांतर का? हंसांच्या बाबतीत उत्तराचा पाया बर्फ आहे. हंसाचे मुख्य अन्न पाण्याखाली, मान बुडवून पोहोचेल तेवढ्या, म्हणजे सुमारे एक मीटर खोलीपर्यंत. पाणवनस्पतींचे देठ, मुळे, आणि त्यातही गाळात रुतलेले कंद. तो पायाने पाणी ढवळून गाळ हलवतो आणि चोचीने कंद उपसतो. पाण्यावर काही सेंटीमीटर बर्फ धरला की हे सगळे अन्न जागेवर असूनही बंद. थंडी सोसवत नाही म्हणून तो जात नाही, जेवणाचे ताट झाकले जाते म्हणून जातो. पडताळा हवा असेल तर पश्चिम युरोपातल्या म्यूट हंसांकडे पाहावे, पाणी गोठत नाही तिथे ते वर्षभर मुक्काम करतात. त्याच जातीचे पूर्वेकडचे, मध्य आशियातले पक्षी तळी गोठली की दक्षिणेला सरकतात. आइसलँडमध्येही काही व्हूपर हंस हिवाळाभर न गोठणाऱ्या पाण्यावर राहतात. जपानमध्ये होक्काइदो बेटावरच्या कुस्शारो सरोवरात गरम झऱ्यांमुळे काठाचा पट्टा मोकळा राहतो, बाकी सरोवर गोठलेले असते, आणि व्हूपर हंस त्या पट्ट्यातच दाटीवाटीने हिवाळा काढतात.

मग उत्तरेला परत तरी का जायचे? उत्तरेच्या उन्हाळ्यात चोवीस तास उजेड असतो, म्हणजे चोवीस तास चरता येते. बर्फ वितळल्यावर फुटलेले कोवळे गवत प्रथिनांनी भरलेले असते. पसरलेल्या टुंड्रात घरट्यांसाठी भांडायला कमी पक्षी आणि शिकारी तुलनेने विरळ. पण ही संधी जेमतेम चार महिन्यांची. उत्तरेकडच्या हंसांत सर्वांत लहान असलेल्या ब्यूइक हंसांचे वेळापत्रक पाहिले की किती ओढाताण आहे ते कळते. रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर ते मेच्या उत्तरार्धात पोचतात. तीन ते पाच अंडी, दोन अंड्यांत साधारण दोन दिवसांचे अंतर. उबवणीला सुमारे ३० दिवस. पिल्ले उडायला ४० ते ४५ दिवस. सगळे जमेस धरले की ऐंशी-पंच्याऐंशी दिवस झाले आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पाणी गोठू लागते. म्यूट हंसाच्या पिल्लांना उडायलाच चार ते पाच महिने लागतात, म्हणून तो टुंड्रात वीण करूच शकत नाही. सर्वांत उत्तरेला सर्वांत लहान हंस का, याचे उत्तर इथे आहे.

याच काळात मोठ्या पक्ष्यांना पिसेही बदलावी लागतात. उड्डाणाची सगळी पिसे एकदम गळतात आणि चार ते सहा आठवडे हंस उडू शकत नाही. बऱ्याच जोड्यांत नर-मादी वेगवेगळ्या वेळी पिसे गाळतात, म्हणजे पिल्लांजवळ एकजण तरी उडता राहतो. वसंतात बर्फ उशिरा वितळले तर सगळे गणित दोन आठवड्यांनी पुढे सरकते, आणि मग अनेक जोड्या त्या वर्षी अंडी घालतच नाहीत किंवा पिल्ले उडण्याआधी गोठतात. म्हणून मधल्या थांब्यांना, उदाहरणार्थ रशियाच्या वायव्येकडील श्वेत समुद्राच्या काठच्या उथळ खाड्यांना, एवढे महत्त्व आहे. तिथे जमवलेली चरबी फक्त पुढच्या उड्डाणाला नसते, अंडी घालायलाही तीच लागते. एक ग्रॅम चरबी सुमारे ३९ किलोज्यूल देते, पाण्यासकट साठवलेल्या कर्बोदकापेक्षा कितीतरी जास्त. पण चरबी वजनही वाढवते, आणि हंसाकडे उचलण्याची शक्ती आधीच मोजकी. त्यामुळे तो एकदम भरपूर भरून निघत नाही, टप्प्याटप्प्याने खात जातो.

निघायची वेळ कशी कळते? मूळ घड्याळ दिवसाच्या लांबीचे. दिवस बदलू लागले की संप्रेरके बदलतात, भूक वाढते, चरबी साठते, पक्षी अस्वस्थ होतात. नेमका दिवस मात्र हवामान ठरवते: पाठवारा, स्वच्छ आकाश, पहिला बर्फाचा पापुद्रा. वाट मात्र कोणीतरी शिकवावी लागते. हंसांची पिल्ले पहिल्या हिवाळ्यात आई-बापांबरोबरच प्रवास करतात. अमेरिकेत ट्रम्पेटर हंस शिकारीमुळे जवळपास संपले होते. पुन्हा सोडलेल्या पक्ष्यांना उडता येत होते, पण जायचे कुठे हे दाखवणारा वडीलधारा नव्हता, त्यामुळे अनेक थवे जागीच राहिले. त्यांना हलक्या विमानामागून नेऊन वाट शिकवण्याचे प्रयोगही झाले. हिवाळ्यात माणसाने धान्य टाकत राहिले की स्थलांतराची सवय आणखी सुटते, हेही तिथेच दिसले.

हिवाळे सौम्य होत चालले तसे हे अंतर आपोआप कमी होत आहे. वायव्य युरोपात येणारे ब्यूइक हंस वर्षागणिक पूर्वेकडेच थांबू लागले आहेत, कारण वाटेतच न गोठलेले पाणी आणि शेतातले उरलेसुरले बीट मिळते. पट्टकादंबांतही सगळे हिमालय ओलांडत नाहीत. बरेच जण दक्षिण तिबेटच्या नदीखोऱ्यांत, कापणी झालेल्या सातूच्या शेतांत हिवाळा काढतात. पर्वत उंचावत गेला आणि पक्षी पूर्वापार वाट सोडायला तयार नव्हता, अशी कथा सांगितली जाते. ती मला पटत नाही. आजच्या कादंबांच्या जाती उत्क्रांत झाल्या तेव्हा तिबेटचे पठार आधीच उंच झालेले होते.

प्रवासात जीव जातो तो उंचीमुळे क्वचितच. सर्वांत जास्त घात जमिनीजवळ होतो, विजेच्या तारांनी. जड शरीर आणि भराला लहान पंख, त्यामुळे समोर तार दिसली तरी झटकन वळता येत नाही, आणि डोळे बाजूला असल्याने समोरचे बारीक काही उशिराच दिसते. धुके आणि संध्याकाळची वेळ सर्वांत वाईट. तारांवर ठळक खुणा लटकवल्या की धडका कमी होतात. दुसरा घात शिशाचा. हंस पोटातले अन्न दळायला खडे गिळतात, त्याबरोबर गाळात पडलेले बंदुकीचे छर्रे जातात आणि शिसे रक्तात उतरते. शिवाय शिकारीला कायद्याने बंदी असूनही ब्रिटनमध्ये क्ष-किरण तपासणी केलेल्या ब्यूइक हंसांपैकी जवळपास एक-तृतीयांशाच्या अंगात बंदुकीतून झाडलेले छर्रे रुतलेले सापडले होते. पट्टकादंबांवर २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरात बर्ड फ्लूची साथ आली आणि हजारो पक्षी मेले. एकाच तळ्यावर दाटीने जमण्याची ही किंमत.

आणि एक प्रसंग असा, जो हंस राहतात तिथल्या कोणावरही येऊ शकतो. पावसाळी रात्री ओला डांबरी रस्ता वरून पाण्यासारखा चमकतो आणि हंस त्यावर उतरतो. उतरल्यावर त्याला पुन्हा उठता येत नाही, कारण धावायला मोकळी लांब जागा नसते आणि पायांना खरचटलेलेही असते. जखम नसली तरी तो तिथेच बसून राहतो. त्याला हुसकावू नये. मागून जाऊन पंख अंगाशी दाबून धरावेत, मान मोकळी ठेवावी, कपड्यात किंवा मोठ्या पिशवीत गुंडाळावे आणि पाय तपासून जवळच्या मोकळ्या, रुंद पाण्यावर वाऱ्याकडे तोंड करून सोडावे. पाय सुजलेले असतील किंवा पंख एका बाजूला लोंबत असेल तर सोडण्याआधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.